धोंडुबाईंचा खून लांबणीवर

कोल्हापूर

तीर्थरूप आत्यास,

अनुजाचा शिरसाष्टांग नमस्कार. तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण तुझं उत्तर मला पाठ आहे. पैंजणाला घुंगरं लावता लावता तू चक्कर येऊन पडलीस, डॉक्टरांनी छातीत काडेपेटीएवढं यंत्र बसवायला सांगितलं, आणि ‘मी काय पाण्याची मोटार हाय व्हय?’ म्हणत तू हुपरीची एसटी धरलीस, तो विषय या पत्रात काढायचा नाही असं मी ठरवलंय. (फोनच केला असता, पण ‘डॉक्टर’ म्हटलं की तुझ्याकडची रेंज जाते.)

तर माझ्या नव्या कादंबरीची हकिगत ऐक. शंभर वर्षांनंतरची हुपरी. धोंडुबाई नावाच्या एकट्या बाईचा खून होतो आणि एक यंत्र-फौजदार खुनी शोधतो. हा फौजदार भिंतीपलीकडून माणसाच्या काळजाचे ठोके ऐकतो, आणि कुणी खोटं बोललं की त्याच्या कपाळावरचा तांबडा दिवा लागतो. प्रकाशक खूश. अडचण एकच, खून होईना. खुन्याला सुरा देऊन भरदुपारी पाठवला, तर धोंडुबाईंनी त्याला पाट दिला. (शंभर वर्षांनी पाट असतील का कोण जाणे, तिच्याकडे आहेत.) म्हणाली, ‘खून करायचा तर कर की, पर आधी जेव. उपाशी माणूस माझ्या दारातनं जात न्हाय.’ पांढरा रस्सा दोनदा वाढला. खुनी तिथंच लवंडला, आणि उठल्यावर त्याच सुऱ्यानं तिला रात्रीचा कांदा चिरून देऊन घरी गेला. पुढच्या प्रकरणात विष देऊन पाठवला, तर पठ्ठ्या बायकोलाही जेवायला घेऊन गेला!

शेवटी चिडून मी खुनाआधीच फौजदाराला धाडलं. खुन्याचं काळीज अगदी शांत, पोट भरलेल्या माणसाचं असतं तसं. पण त्या खोलीत कुणाचा तरी ठोका मधेच चुकत होता. फौजदारानं धोंडुबाईंना विचारलं, ‘बरं हाय न्हवं?’ ती म्हणाली, ‘मला काय धाड भरलीया?’ दिवा लागला. पुन्हा विचारलं, पुन्हा लागला. तेव्हा तो माझ्याकडे वळून म्हणाला, ‘बाईंच्या जिवावर बाईच उठल्यात. अटक करू, का पाया पडू?’ त्याच पानावर अडून बसलेय. (बघ, मी काही बोलले नाही. बोलला तो फौजदार.)

बोक्याला गोंजार. शेजारच्या निशाला आठवण सांग.

तुझीच,
अनुजा

ता. क. : प्रकाशकांचा फोन आला होता, प्रेत कधी मिळेल म्हणून. मिळणार नाही, असं सांगून टाकलं.

दुसरा ता. क. : मंगळवारी सकाळी तुझे जावई गाडी घेऊन येतायत. त्यांना पोटभर वाढ. तुला मात्र डॉक्टरांनी रिकाम्या पोटी बोलावलंय. आत्या, आई गेली त्या संध्याकाळी मी तुझ्याकडे आले, तेव्हा तू फक्त ताट वाढलं होतंस. तेव्हापासून मी तुझ्याच हातचं जेवत आलेय. एवढं एकदा, एका उपाशी माणसाला तुझ्या दारातनं जाऊ दे.