गुरुवारची पाळी

आकुर्डी, शुक्रवार

तीर्थस्वरूप सोनबा तात्या यांच्या चरणी पुतण्या गोरक्षचा साष्टांग नमस्कार.

मी इथे खुशाल आहे. मेसच्या आमटीने अजून तरी काही केलेलं नाही. तुमचा गुडघा काय म्हणतो? विहिरीची जळालेली मोटर भरून आली का? पत्र पाहून दचकू नका. तुम्ही मोबाइल हातात धरत नाही आणि आमच्या खोलीतलं नेट आज सुरजच्या ताब्यात आहे, म्हणून कागद घेऊन बसलो.

आता आमची कुळकथा ऐका. हॉस्टेलच्या खोलीत आम्ही तिघं आणि भिंतीतून नेटची वायर येते एकच. ती ज्याच्या लॅपटॉपला तो राजा, बाकीचे दोघं रयत. (वायफायचा डबा आणला होता, तो रेक्टरसाहेबांनी जप्त केला. आता त्यांच्या घरी छान चालतो म्हणे.) खोलीमागे कुठल्याशा कंपनीची पत्र्याची शेड, त्यामुळे मोबाइलला रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीवर चढल्यावर, तीही नुसत्या बोलण्यापुरती. लातूरकडचा ज्योतीराम वायर लावून गेम खेळायचा, चिपळूणचा सुरज तिकडल्या कुणाशी तरी तासन्‌तास कुजबुजायचा. प्रकरण हातघाईवर आलं. शेवटी मीच तुमचं नाव घेऊन उठलो आणि आपल्या सामाईक विहिरीचा कायदा खोलीला लावला. ज्याचे त्याचे वार ठरलेले, आणि लाइट गेली तर पाळी गेली, कुरकुर करायची नाही. (दिवेलागणीला कॉलेजच नेट बंद करतं, आम्ही अभ्यास करावा म्हणून!) ज्योतीरामला लगेच पटलं, त्यांच्याकडेही हेच चालतं. सुरज म्हणाला, आमच्या कोकणात पाणी वाटत नाहीत, घरातून उपसून बाहेर टाकतात. पण दोघांपुढे त्याचं काही चाललं नाही.

वार वाटताना मी हट्टाने गुरुवार मागितला. दोघांनी इतक्या चटकन दिला की तिथेच मला शंका यायला हवी होती. तुम्हाला माहीतच आहे, आईच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी, माझ्या कॉलेजला रविवारी. रविवारी मी घरी येतो तेव्हा ती ओव्हरटाइमला गेलेली असते (कुणासाठी, तेही तुम्हाला माहीत आहे), आणि ती परतते तोवर माझी शेवटची एसटी सुटलेली. मला भेटतं ते झाकून ठेवलेलं ताट. भाकरी तिच्याच हातची, पण "घे रं आजून एक" म्हणायला समोर कुणी नसलं की घास तोंडातल्या तोंडात फिरतो. टाकीवरून फोन करतो, तर आवाजात आई कायम ठणठणीत. (आबा गेल्यापासून ती तापातसुद्धा "मला काय व्हतंय?" म्हणते.) तात्या, मला तिचा चेहरा बघायचाय. डोळ्यांखाली काळं आलंय का, ते आवाजात कळत नाही.

तर गुरुवारी दुपारी व्हिडिओ कॉलसाठी केस विंचरून, वायर लावून बसलो, आणि लाइट गेली. दर गुरुवारी दुरुस्तीसाठी एमआयडीसीची लाइट जाते. अहो, म्हणून तर आईच्या कंपनीला गुरुवारची सुट्टी! चाकणच्या कंपन्या बघत वाढलेल्या पोराला एवढं सुचू नये? जनरेटर आहे, पण तो रेक्टरसाहेबांच्या पंख्यापुरता. ज्योतीराम शांतपणे म्हणाला, "भावा, इहिरीचा कायदा म्हंजे कायदा." टाकीवर चढून आईला कळवलं, तर म्हणाली, "आसू दे. मी आपली पदर सारखा करून बसले व्हते." पुढच्या गुरुवारीही तेच. सुरजने बिचाऱ्याने स्वतःचा शुक्रवार देऊ केला, पण शुक्रवारी आई मशीनवर असते.

काकूंना नमस्कार सांगा, गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा,
गोरक्ष

ता. क. तुमच्या सहीचा निवाडा आला तर ज्योतीराम मानायला तयार आहे. लाइट गेली तर पाळी जात नाही, पुढे सरकते, एवढंच लिहून धाडा.

आणखी ता. क. निवाड्याचं राहू द्या. पाळी सरकली तरी आईची सुट्टी सरकत नाही. खरं काम वेगळंच आहे. पुढच्या रविवारी मी येतो. संध्याकाळी निघू लागलो की विहिरीवर काहीतरी काम सांगून मला अडवा आणि एसटी जाईपर्यंत सोडू नका. मी आपणहून राहिलो तर कॉलेज बुडवलं म्हणून आई रागावेल. थोरल्या दिरांनी ठेवून घेतलं म्हटल्यावर चकार शब्द काढणार नाही. मोटर दुरुस्त झाली असेल तर तेवढ्यापुरती बिघडवा. त्या दिवशी ताट झाकायचं नाही. ती आली की दोघांचं मीच वाढीन.