थाइमच्या एकोणीस जुड्या

मी, खाली सही करणारा, वय चोवीस, शिक्षण सातवीपर्यंत, धंदा थाइम, म्हणजे पावात घालायची विलायती सुवासिक पाल्याची वनस्पती, लावणे व विकणे, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मनाने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. प्रकृतीबद्दल तसे लिहवत नाही.

१. वडिलांकडून आलेले घर व मागचा वाफा ताईला द्यावा. धाकटे काका म्हणतात, "तिला तिचं घर आहे, तिला कशाला?" तरी तिलाच. ताई, पाणी बेताने घाल. थाइम तहानेने मरत नाही, लाडाने मरतो. हिरवे तेवढेच काप. खालच्या लाकडाला कात्री लागली की फांदी पुन्हा फुटत नाही.

२. कात्री, चाळण व वाळवणीच्या दोऱ्या बेकरीवाल्यांना. ते जुड्या न मोजता घेत, मी मात्र दोनदा मोजून देत असे. त्यांना हिस्सा आहे म्हणून साक्षीला घेतलेले नाही.

३. मोजण्याची सवय इथे लिहिणे भाग आहे. मला खोकला झाल्यापासून काका थाइमचा काढा करून देतात. वडिलांच्या शेवटच्या आजारातही तेच देत. बारा दिवस कप येतो आहे. दोरीवर जुड्या एकोणीस होत्या, एकोणीसच आहेत. वाफ्यातही कापल्याची खूण नाही. थाइमला ओव्यासारखा वास असतो, कपाला नाही.

मी तसे म्हणालो, तर काका हसले. "तुझं मोजणं थांबलं की बरा होशील बघ. अरे, मुंगीसारखा काय पितोस? तुझा बाप एका घोटात संपवायचा!"

गेले चार दिवस मी काढा बाटलीत ओततो. चार दिवस पोटात कळ नाही. काल काकांनी रिकामा कप हुंगला. "उद्यापासून समोर बसून पाजतो," म्हणाले.

४. माझा आरोप नाही. ज्यांच्या खांद्यावर खेळलो त्यांच्यावर खोटा आळ आला तर मला नरकातही जागा नको. बाटली शिंपीणबाईंकडे आहे. माझे बरेवाईट झाल्यास साक्षीदारांनी त्यातला काढा कपात ओतून काकांपुढे धरावा. हात पुढे आला, तर ओठाला लागण्याआधी कप काढून घ्यावा, माझ्या वतीने त्यांचे पाय धरावेत व राहती खोली त्यांना हयातभर द्यावी. हात मागेच राहिला, तर बाटली पोलिसांत द्यावी.

साक्षीदार: शेजारच्या शिंपीणबाई (सही). पोस्टमन (सही).
लिहून देणार: (सही)
ठिकाण: शिंपीणबाईंचे दुकान. दिनांक ९ मार्च, सकाळचे सात. काढा आठला येतो.