यादीत नसलेल्या ठिकाणाहून बदली

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला गेला का? दुकानात पासपोर्टच्या फोटोवाल्यांची रांग असते ना अजून? माझं म्हणाल तर जिवंत आहे. याहून बरं काही सांगण्यासारखं आठवलं तर पत्राच्या शेवटी लिहीन. (फोन का केला नाही म्हणून रागावू नका. इथे आत शिरताना फोन दारावरच काढून घेतात. कागद आणि पेन मात्र नेऊ देतात. नियम लिहिणाऱ्याला कागद ही वस्तू आठवलीच नसावी.)

विषय एकच, आणि तो तुम्हाला पाठ आहे. माझी बदली. आमच्या कंपनीचं एक केंद्र तुमच्या गावात आहे, त्याच्यापासून दोन गल्ल्यांवर तुमची भाचेसून आणि चिमी राहतात, आणि मी तीन वर्षं इथे पडलोय. निघालो तेव्हा चिमी दोन वर्षांची होती. परवा फोनवर मला म्हणाली, तुम्ही जेवलात का? तुम्ही! शाळेत शिकवलंय म्हणे, अनोळखी माणसांशी आदराने बोलावं.

मी नेमकं काय करतो हे तुम्ही मला चारदा विचारलंत आणि चारही वेळा मी विषय बदलला. आता ऐका. मोठमोठ्या कंपन्यांचे कॉम्प्युटर ठेवायला जागा लागते. ती आम्ही भाड्याने देतो. सामान त्यांचं, छप्पर, वीज, गारवा आणि जगभर जाणाऱ्या तारा आमच्या. एकेका गिऱ्हाइकाला जाळीचा एकेक पिंजरा, त्याला कुलूप. अशी आमची जगभरात एकशे चाळीस डेटा सेंटरं आहेत आणि कंपनीच्या वेबसाइटवर त्यांची यादी आहे, प्रत्येकाचा फोटो, नकाशावर प्रत्येकाचा ठिपका. त्यातला एक ठिपका म्हणजे मी, दोन पहारेकरी आणि दिवसभर पंख्यांची घरघर. इमारतीला खिडकी नाही, पाटीही नाही. आत काय आहे ते कुणाला कळता कामा नये, हा पहिला नियम. तो इतका कडक पाळला जातो की पोस्टमन आमची पत्रं शेजारच्या टायरवाल्याकडे टाकतो आणि टायरवाला ती मन लावून वाचतो.

तर गेल्या वर्षी मुख्य कचेरीने ही यादी नव्याने करायला घेतली आणि गावोगाव फोटोग्राफर धाडले. आमच्याकडेही एक आला. खांद्यावर कॅमेऱ्याचं तिकाटणं, घामाघूम झालेला, साधा माणूस. आता नियम असा, की पाहुण्याचं नाव चोवीस तास आधी आलं पाहिजे. त्याचं आलं नव्हतं. दुसरा नियम, आवारात फोटो काढायला सक्त मनाई. त्याने कचेरीचं पत्र दाखवलं. मी म्हटलं, पत्रात फोटो काढा असं लिहिलंय, आत या असं कुठे लिहिलंय? (हे बोलताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, तेही सांगून टाकतो.) तास-दीड तास मी दारात हात पसरून उभा. मामा, तुम्ही फोटोवाले, त्याच्या जागी असतात तर माझी सात पिढ्यांसकट पूजा बांधली असतीत. तो बिचारा आभार मानून गेला. महिन्याभराने मला दक्षतेचं प्रमाणपत्र आलं. त्याच आठवड्यात नवी यादी आली. एकशे एकोणचाळीस ठिकाणं! ज्याचा फोटो नाही ते ठिकाण कॉम्प्युटरने आपोआप गाळलं होतं. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ पाहिले, पण त्याबद्दल प्रमाणपत्र मिळालेला मी एकटाच असेन.

बरं, गाळलं तर गाळलं, कामाला काय फरक पडतो? मलाही तसंच वाटलं. मग बदलीचा अर्ज भरायला बसलो. पहिलाच रकाना, सध्याचं ठिकाण, यादीतून निवडा. यादीत मी कुठाय? कचेरीतल्या बदलीवाल्या बाईंना लिहिलं. बाई स्वभावाने वाईट नाहीत, पण त्यांचं म्हणणं, जे ठिकाण नाही तिथून माणूस हलवणार कसा? आणि याच बाई रोज सकाळी विचारतात, तुमच्या केंद्राच्या तापमानाचा तक्ता का आला नाही? पाच आठवडे असा काथ्याकूट झाल्यावर त्यांनीच सुचवलं, की यादीतलं सर्वांत जवळचं ठिकाण निवडा. ते इथून रेल्वेने नऊ तास. निवडलं. दोन दिवसांत बदली मंजूर! मी पिंजऱ्यांच्या मधल्या वाटेत नाचलो, मामा. कॅमेऱ्यात आहे.

पण आदेशात नाव नव्हतं, हुद्दा होता. नऊ तासांवरच्या त्या केंद्रातही माझ्याच हुद्द्याचा एक गृहस्थ आहे, म्हणजे एकाच आदेशाने आम्ही दोघेही हललो. तिथल्या लोकांनी त्याचा निरोपसमारंभ उरकला, भिंतीवरचं घड्याळ दिलं, भाषणं केली. त्या माणसाने तिथे नुकतंच घर बांधलंय, दोन मुलं शाळेत, आई अंथरुणाला खिळलेली. त्याने मला शोधून फोन केला. भांडला असता तर बरं झालं असतं. नुसता रडला. माझ्यामुळे एक घर जुळत होतं आणि एक मोडत होतं, आणि दोन्हींकडे बाप एकेकच. आदेशात नुसतं माझं नाव घालायचं तर मी यादीत नाही, म्हणून मीच बाईंना कळवून तो रद्द करून घेतला. फार थोर वाटलं, साधारण दहा मिनिटं. त्यानंतर आजपर्यंत मला जेवण गोड लागलेलं नाही.

मामींना नमस्कार, गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा भाचा

ता. क. एक युक्ती सुचली आहे. तुमच्या दुकानाची मागची भिंत करडी आहे, खिडकी नाही, पाटी नाही. तिचा एक फोटो काढून पाठवा. मी तो आमच्या केंद्राचा म्हणून यादीत देतो. ओळखणार कोण? आमची इमारत कशी दिसते ते कुणालाच माहीत नाही, एवढीच तर आमची सुरक्षा.

ता. क. २. फोटो काढू नका. आत्ताच बाईंचा निरोप आला. आमचं ठिकाण यादीत घेतलं. फोटो दारावरच्या कॅमेऱ्यातून काढला म्हणे. मी हात पसरून दारात उभा आहे आणि खाली लिहिलंय, आपले स्वागत आहे. निरोपाची पुढची ओळ अशी, की यादीतल्या ठिकाणी एकच प्रशिक्षित माणूस असेल तर ठिकाण यादीत आल्या दिवसापासून तीन वर्षं त्याची बदली करता येत नाही. मी पुन्हा वाचलं. तीनच आहे.

ता. क. ३. खरं काम हे आहे, आणि ते वर लिहायचा धीर झाला नाही. मंजुरी आली त्याच दिवशी मी घरी कळवून टाकलं होतं. तुमच्या भाचेसुनेने माझ्यासाठी अर्धं कपाट रिकामं केलंय आणि चिमीने सगळ्या वर्गाला सांगितलंय. बारा दिवस मी रोज फोन करतो आणि हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून देतो. तुम्ही जाऊन सांगाल का? हिला सांगायला काही लागणार नाही, तुम्हाला दारात पाहूनच समजेल. चिमी मात्र विचारेल, किती दिवस. तिला आकडा सांगू नका. तिला शंभरपर्यंतच मोजता येतं.