भरडलेलं बियाणं

अहो,

आईंना घेऊन कर्जतला डॉक्टरांकडे चाललेय. पेरणीसाठी राखलेलं भाताचं सगळं बियाणं त्यांनी काल गिरणीत नेऊन भरडून आणलं. त्याचा तांदूळ झाला, आता उगवणार काय? चाळीस वर्षं ते बी त्यांनीच जपलं होतं.

मामंजी गेल्यापासून त्या खचल्यात, त्यात प्रेशर वाढलेलं. डॉक्टर मागेच म्हणाले होते, दोन्ही मिळून डोक्यावर परिणाम करतात. गोळ्या मी वेळेवर देते, पण त्यांना हसवायचं कसं ते मला नाय जमत.

सकाळपासून विचारतायत, "माझं काय चुकलं गं?" मी म्हटलं, "काय नाय." तुम्हीही तेच सांगा.

चारपर्यंत येऊ. ओरडायचं असेल तर त्याआधीच, घरात एकटे असताना ओरडून घ्या.

रंजना