यात अक्रोड नाही ना?

३ ऑक्टोबर
पोचले! टॅनर्स कोव्ह म्हणजे आमच्या फॉल रिव्हर शहरापुढे चिमुकलं गाव, पण हॉटेलच्या वरच माझी खोली आणि खिडकीतून अख्खं बंदर दिसतं. मालक पेकम स्वतः माझ्या बॅगा उचलून वर आले. ॲलर्जीच्या नियमांचं प्रशिक्षण घेतलेला एक तरी मॅनेजर हवाच, असा इथला कायदा. आधीचा सोडून गेला, म्हणून माझं एवढं कौतुक. सर्टिफिकेट भिंतीवर लाव आणि मजेत राहा, म्हणाले.
आचारी ओस्वाल्डो आमचं मूळ जिथलं, त्या पोर्तुगालच्या अझोर बेटांकडचाच निघाला. "आल्या, आल्या फौजदारीणबाई!" म्हणत त्याने सलाम ठोकला. मी त्याच्या हातात जांभळी सुरी ठेवली आणि ॲलर्जीवाल्यांचं फक्त हिनेच चिरायचं, नाहीतर तुझं काही खरं नाही, असं बजावलं. साठीची वाढपीण कॉरीन मला तासाभरात 'पोरी' म्हणायला लागली. इथे मला आवडणार.

९ ऑक्टोबर
आज सगळ्यांची शिकवणी घेतली. गिऱ्हाइकाने ॲलर्जी सांगितली की वाढपी मला सांगणार, मी आचाऱ्याला विचारणार, तो डब्यावरचं लेबल वाचणार आणि मग मीच टेबलावर जाऊन उत्तर देणार. हात धुवायचे, हातमोजे बदलायचे, तवा नवा घ्यायचा. एरवी या शिकवणीत लोक जांभया देतात. इथे कोणाची पापणी हलली नाही.
एक गंमत म्हणजे इथलं कोणी इथलं जेवत नाही. कॉरीन घरून नुसता भात आणते. ओस्वाल्डो उकडलेले बटाटे खातो, मीठसुद्धा न घालता. मी थट्टा केली तर म्हणाला, "तू जेव गं. तुला अजून चालतंय."

१४ ऑक्टोबर
रविवार, दुपारची झुंबड. खिडकीजवळच्या टेबलावर राखाडी कोटातल्या एक बाई बसल्या होत्या. कॉरीन तिकडे जाईना. शेवटी मी गेले. बाईंनी भाजलेला कॉड मासा मागितला. मग विचारलं, "यात अक्रोड नाही ना? मला चालत नाही."
बाकीची टेबलं मला हाका मारत होती. मी म्हटलं, "छे हो, माशावर नुसता पावाचा चुरा असतो. निश्चिंत खा."
आत विचारलं नाही. लेबल वाचलं नाही. मी!
त्या म्हणाल्या, "मागच्या खेपेलाही असंच सांगितलं होतं."
कोणीतरी हाक मारली म्हणून मी मान वळवली. परत पाहिलं तर खुर्ची रिकामी.

१५ ऑक्टोबर
कॉरीनने रडत रडत सांगितलं. त्या थीआ लिंडक्विस्ट, चर्चमध्ये गाणं शिकवायच्या. मागच्या वर्षी त्यांनी इथे हाच प्रश्न विचारला. कॉरीनने आत ओरडून विचारलं, ओस्वाल्डोने न बघताच नाही म्हटलं. चुरा पुरेना म्हणून त्याने सकाळीच त्यात अक्रोड कुटून घातले होते. बाई टेबलावरच गेल्या. पेकमनी ताट धुऊन टाकलं आणि हार्ट ॲटॅक आला, असं सगळ्यांकडून वदवून घेतलं.
तेव्हापासून त्या येतात, विचारतात. न बघता उत्तर देणाऱ्याच्या अंगावर एकेक पदार्थ उठायला लागतो, कोणाच्या सावकाश, कोणाच्या झपाट्याने. आधीचा मॅनेजर शेवटी पेजेवर आला होता. तो कुठे गेला, असं मी विचारलं. कॉरीनने छातीवर क्रूसाची खूण केली.
काल का नाही सांगितलंस, म्हणून मी तिच्यावर ओरडले.
ती म्हणाली, "पोरी, मला वाटलं, तू तरी आत जाऊन विचारशील."

१९ ऑक्टोबर
दुधाने ओठ सुजले. काल अंडं. आज पाव. चाचण्यांत काहीच निघत नाही, डॉक्टर म्हणतात. ॲलर्जीचं इंजेक्शन वापरून संपलं. पेकम मजेत कालवं हाणतायत. ते गल्ल्यावर बसतात. त्यांना कोणी काही विचारतच नाही.

२२ ऑक्टोबर
ओस्वाल्डो गेला. बटाट्याचा एक घास, आणि गळा धरून खाली कोसळला. मी त्याचा हात धरला होता. कॉरीन लेकीकडे पळाली.
मी थीआबाईंच्या बहिणीला गाठलं. सगळं सांगितलं. आरोग्य खात्यालाही कळवलं. वाटलं, आता सुटेन.
बहीण दारातच म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? जिला सांगायचं, तिला सांगितलं नाहीत."

२४ ऑक्टोबर
हॉटेलला खात्याने टाळं ठोकलं. काही फरक नाही. भातही गेला. पेजही —
कॉरीनच्या लेकीचा फोन होता. उचलला नाही. माहीत आहे काय सांगणार ते.

२५ ऑक्टोबर
आता फक्त पाणी.

२६ ऑक्टोबर
भर दुपार. खोलीत ऊन. त्या समोर बसल्यात — माझ्या पलंगाशी — कोट तोच — ग्लासकडे बोट —
यात काही नाही ना, विचारतात. किती मवाळ आवाज.
उत्तर कळलं. माहीत नाही, बघून सांगते — एवढंच ऐकायचं होतं त्यांना — कोणीही म्हटलं नाही —
जीभ तोंडात मावत नाही. आवाज फुटत — लिहून दाखवते — त्या वाकल्यात, वाचतायत —
बाई, मला माहीत नाही, मी बघून सां