पहिल्या बायकोची आई

नाशिक,
१२ नोव्हेंबर १९९५

ती. सुनीतीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दरियागंजच्या फुटपाथवरून घेतलेला तुझा गठ्ठा पोचला. शाळेच्या तपासायच्या सहामाही पेपरांखाली लपवून चारही कादंबऱ्या संपवल्या. माझं मत विचारलंस म्हणून सांगते. टेकडीवरच्या बंगल्याची सगळ्यात चांगली, दीपगृहाची सगळ्यात वाईट. त्यातली नायिका फारच बावळट. घरात कुणीतरी चालतंय हे ऐकू येतं, तरी बाई एकटी जिना चढते! पण तो अबोल नायक मला आवडला. सगळे त्याच्यावर संशय घेतात, आणि शेवटी तोच एकटा सच्चा निघतो. ते शेवटचं पान वाचताना दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. हसू नकोस.

आता खरी बातमी. बाबांनी एक स्थळ आणलंय. निहार खांबेटे, गुडगावला परदेशी कंपनीत आहेत, तिथेच नवा फ्लॅट. बिजवर आहेत. पहिली पत्नी दोन वर्षांपूर्वी तापाने गेली. मी एकोणतिशीची, तेव्हा बाबांना बिजवराचं काही वाटत नाही. मलाही नाही. पाहायला आले तेव्हा फार बोलले नाहीत, पण निघताना माझ्या हातातला कप स्वतः आत नेऊन ठेवला. तू दिल्लीत आहेस, तर एकदा जाऊन घर बघून ये, असं बाबांनी सांगितलंय.

लवकर कळव. माझ्यावर रागावलीस तरी पुस्तकं पाठवणं थांबवू नकोस.

तुझी,
मयुरा

---

नवी दिल्ली,
३ डिसेंबर १९९५

चि. मयुरास,
अ. उ. आ.

रविवारी गुडगावला जाऊन आले. धौलाकुआँपासून बस, पुढे ऑटो. सोसायटी अगदी नवी, अर्ध्या इमारतींना अजून प्लास्टर नाही, गॅलरीतून मोहरीची शेतं दिसतात. वीज गेली की जनरेटरचा असा आवाज, की शेजारच्या घरात कुणी ओरडलं तरी कळू नये. निहारने चहा स्वतः केला. बोलणं अदबीचं. घर लख्ख. पण कल्पनाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, एकही फोटो मला दिसला नाही. कसला ताप होता, असं विचारलं तर टायफॉइड म्हणाला.

खाली उतरताना शेजारच्या चढ्ढा आंटी भेटल्या. मी कोण, कशासाठी आले, हे त्यांनी खोदून विचारलं. मग हळूच म्हणाल्या, की बुखार वगैरे काही नव्हता जी, ती गॅलरीतून पडली.

आता माझं मत ऐक. ही पुस्तकं मी तुझ्या जन्माआधीपासून वाचते. त्यांची एक खोड मला फार उशिरा कळली. पहिली बायको पहिल्या पानाच्या आधीच मेलेली असते. मग शेवटी कळतं, की ती खोटारडी होती, नाहीतर वेडी होती. तसं ठरवल्याशिवाय दुसरीला सुखाने नांदता येत नाही ना! पण पहिलीच्या आईकडे जाऊन कुणी विचारत नाही. कल्पनाचे आईवडील पानिपतला असतात, असं आंटींकडून कळलं. मी जाणार आहे.

तोवर होकार देऊ नकोस. तब्येतीला जप, आणि आत्याला शहाणी समजत जा.

तुझी,
सुनीतीआत्या

---

नाशिक,
१५ डिसेंबर १९९५

ती. सुनीतीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाबांनी वाचलं आणि निहारना फोन केला. ते पुढच्याच गाडीने इथे आले. कल्पनाने स्वतःच उडी मारली, असं त्यांनी आपणहून सांगितलं. तिच्या डोक्यावर परिणाम झाला होता. गेलेल्या माणसाची बेअब्रू नको म्हणून ते ताप सांगतात. सांगताना ते बाबांसमोर रडले, आत्या. बाबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

बाबा म्हणाले, सुनीतीने संसार केला नाही, नुसती पुस्तकं वाचली, त्यामुळे तिला प्रत्येक घरात खून दिसतो. हे बोलणं मला आवडलं नाही, पण तुझाही थोडा राग आला. ज्याच्यावर सगळे संशय घेतात त्याच्यावर नायिकेने विश्वास टाकायचा असतो, हे मला तूच दिलेल्या पुस्तकांनी शिकवलं ना? मग आता तूच उलट कशी बोलतेस?

चार फेब्रुवारीची तारीख धरली आहे. पानिपतला जाऊ नकोस. लग्नाला मात्र आधीपासून ये. तुझ्याशिवाय माझ्या केसांचा अंबाडा कुणाला जमत नाही.

तुझीच,
मयुरा

---

नवी दिल्ली,
२४ डिसेंबर १९९५

चि. मयुरास,
अ. उ. आ.

तुझं पत्र हाती पडलं त्याआधीच मी पानिपतहून परतले होते.

कल्पनाचे वडील, सबनीस, तिथे चादरींच्या कारखान्यात रंगमास्तर आहेत. ते बाहेर आलेच नाहीत. त्यांच्या पत्नी, विनयाबाई, माझ्याशी बोलल्या. कल्पना दोनदा माहेरी आली होती, एकदा बोट मोडून. दोन्ही वेळा निहार मिठाई घेऊन आला, सबनिसांच्या पायाशी बसून रडला, आणि त्यांनी मुलीला परत पाठवलं. तिसऱ्या वेळी तिने एसटीडी बूथवरून कारखान्यात फोन केला, न्यायला या म्हणाली. रजा नव्हती. रविवारी येतो, असं ते म्हणाले. शुक्रवारी ती गेली. पोलिसांनी आत्महत्या लिहिली आणि सबनिसांनी सही केली.

तिच्या डोक्यावर परिणाम झाला होता का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, झाला होता, ती फार घाबरायला लागली होती.

मयुरा, पुस्तकातला अबोल माणूस निर्दोष निघतो, कारण लिहिणारीने शेवटचं पान आधी ठरवलेलं असतं. या माणसाचं ते पान कुणी ठरवलेलं नाही. त्याने ढकललं की तिने उडी मारली, ते मला ठाऊक नाही. पण त्या घरात ती जिवंत राहू शकली नाही, एवढं पुरे नाही का?

दादालाही हेच लिहिलं आहे. तो माझ्याशी बोलायचा थांबला तरी चालेल. तुझ्यासाठी माझं घर उघडं आहे, लग्नाआधी आणि नंतरही. माझ्याबद्दलची माया कमी करू नकोस.

तुझी,
सुनीतीआत्या

---

गुडगाव,
२२ एप्रिल १९९६

ती. सुनीतीआत्यास,
सा. न.

मी ठीक आहे. तू रविवारी येत जाऊ नकोस, ते रविवारी घरी असतात. मागच्या वेळी तू गेल्यावर फार त्रास झाला. पुस्तकं त्यांनी रद्दीत घातली. फोनला कुलूप आहे, आणि ऑफिसला जाताना दारालाही. हे पत्र गॅलरीतून चढ्ढा आंटींकडे देते आहे.

उजव्या कानात सारखा आवाज येतो, म्हणून नीट लिहिता येत नाही.

बाबांना मी फोनवर सांगितलं होतं. सुरुवातीला असं होतं, असं ते म्हणाले. त्यांना आता काही कळवू नकोस.

तुझ्याकडे विनयाबाईंचा पत्ता असेल ना? त्यांना माझ्याबद्दल सांगशील?

मयुरा

---

पानिपत,
९ जून १९९६

ती. सुनीतीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू ऑफिसला रुजू झालीस हे बरं झालं, माझ्यापायी किती रजा काढणार! त्या बुधवारचं अजून डोळ्यांसमोर आहे. दाराबाहेर तू आणि विनयाबाई, आणि चढ्ढा आंटी हातोडीने कुलूप तोडताहेत. विनयाबाई आत आल्या आणि माझ्याकडे न बघता आधी थेट गॅलरीत गेल्या. कठड्याला धरून त्यांनी खाली बघितलं. मग मला म्हणाल्या, चप्पल घाल.

डॉक्टर म्हणाले, उजवा कान आता परत येणार नाही.

निहार नाशिकला जाऊन आला. बाबांनी या वेळी दार उघडलं नाही. परवा ते इथे आले. ते आणि सबनीसकाका दिवसभर समोरासमोर बसून होते, पण बोलणं फक्त पाण्याचं आणि उकाड्याचं. संध्याकाळी बाबा मला घरी चल म्हणाले. मी सध्या नाही म्हटलं. त्यांनी आग्रह केला नाही. स्टेशनवर जाताना स्वतःची पिशवी समजून विनयाबाईंची भाजीची पिशवी उचलली, इतके ते भांबावले होते.

नवी पुस्तकं पाठवू का, असं तू भीत भीत विचारलंस. पुस्तकांवर माझा राग नाही गं. त्यातली बाई शेवटपर्यंत जिवंत राहणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं, म्हणून तर आपण तिला एकटीला जिना चढू देतो. पण सध्या नको. एका पानावर डोळे ठरत नाहीत.

काल वकिलांना घेऊन विनयाबाई आणि मी गुडगावच्या ठाण्यात गेलो. माझी तक्रार लिहून घेतली. कल्पनाचं प्रकरण मात्र बंद झालेलं आहे, वडिलांची सही आहे, आता काही होणार नाही, असं साहेब म्हणाले. विनयाबाईंनी दोनदा विचारलं. मग उठल्या.

बसमध्ये त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. मला वाटलं, आता रडतील. पानिपतला उतरलो तर सरळ मंडईत शिरल्या आणि मला विचारलं, आज काय खाशील? मी म्हटलं, काहीही चालेल. त्या म्हणाल्या, काहीही नको, एका भाजीचं नाव सांग. मी समोरच्या ढिगांकडे बघत राहिले, आत्या, आणि मला काय आवडतं तेच आठवेना. त्या मात्र हलल्या नाहीत. मागून लोक ढकलत होते, भाजीवाला खेकसत होता, आणि पिशवी उघडी धरून त्या माझ्या उत्तराची वाट बघत तशाच उभ्या राहिल्या.

सवड होईल तेव्हा ये. तोवर तुझा हात असाच माझ्या पाठीवर असू दे.

तुझीच,
मयुरा