विसराळू माश्यांची चाकरी

चिरंजीव थोरल्यास,

तुला एक आई आहे, एवढं तरी आठवत असेल असं धरून चालते. ज्याने आईला गाडीत बसवलं, खिडकीशी उभं राहून हात हलवला आणि आईची पिशवी आपल्याच खांद्याला अडकवून घरी गेला, त्याच्याकडून जास्त अपेक्षा कशी करू? त्या पिशवीत माझे दात होते. (निळ्या डबीत आहेत. उघडून दचकू नकोस.) तेव्हापासून मी मऊ खाते आणि मऊ बोलते, त्यामुळे हे पत्र तुला गोड लागेल. सूनबाईचा गुडघा काय म्हणतो? फरश्या खपतात ना? आम्ही दोघी खुशाल आहोत. मी सांगते आणि तुझी लेक लिहिते, तेव्हा अक्षर तिचं आणि अक्कल माझी, असं समजून वाच.

मला पाठवलंस ते तुझ्या या लेकीला, आपल्या मुंगीला, घरी आणायला. जीवशास्त्राची पदवी घेऊन वर्ष झालं, पगार सांगायची तिला लाज आणि ऐकायची तुला. तेव्हा महिनाअखेर घेऊन ये, दुकानात काचेच्या केबिनमध्ये बसेल, पंखा आहे, मान आहे, असं म्हणालास. मलाही पटलं होतं. इथली खोली बघून तर जास्तच पटलं. दोन खाटा, मध्ये एक टेबल, एकीने कूस बदलली की दुसरीने उठायचं. तिची मैत्रीणही तीच पदवी घेतलेली. ती औषधांची बॅग घेऊन दिवसभर डॉक्टरांच्या दारात उभी असते. (डॉक्टर आत बोलावतात तेव्हा तिचा आवाज बसलेला असतो, पाय नसतात बसलेले.) वर्गातला आणखी एक मुलगा बेडकाचं आतडं सोडून संगणक शिकला. त्याला म्हणे इतका पगार आहे की तो आता फोन उचलत नाही. हे सगळं ऐकून मी मुंगीचे कपडे घड्या घालायला घेतले. ती म्हणाली, आजी, न्यायचंच असेल तर ने, पण आधी एकदा माझं काम बघ.

बघितलं. थोरल्या, जिच्या हातचा चहा आपण डोळे मिटून पितो, ती तुझी लेक त्या प्रयोगशाळेत स्वयंपाक करते. आणि तोही माश्यांसाठी, त्या पिकल्या फळांवरच्या बारीक माश्यांसाठी. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, सगळं मोठ्या पातेल्यात रटरटतं, मग बाटल्यांत ओतून वर कापसाचं बूच. भिंतभर मांडण्या आणि मांडण्यांवर बाटल्याच बाटल्या, प्रत्येकीत एकेक खानदान. चार माणसं जेवायला आली तर जिच्या आईला घाम फुटतो, तिची ही लेक हजारोंची पंगत एकटी उठवते. मी विचारलं, या पाहुण्या जेवून जातात कधी? तर म्हणे, आजी, यांचा जन्मच इथला.

मग तिने मला बारीक ते मोठं दाखवणाऱ्या नळीच्या यंत्राला डोळा लावायला लावला. बाबा रे, मी जन्मभर ज्यांना फडक्याने हाकललं, त्यांचं तोंड पहिल्यांदा पाहिलं. डोळे लाल, डाळिंबासारखे, आणि एकेका डोळ्यात इतके बारीक खण की तुझ्या दुकानातल्या कुठल्याही कारागिराला अशा फरश्या जुळवता येणार नाहीत. पाठीवर केस, तेही विंचरल्यासारखे. पंख म्हणजे उन्हात धरलेलं कांद्याचं साल. मी डोळा काढेना, मागे मुलं रांगेत खोळंबली. एवढ्याशा जिवावर एवढी मेहनत कुणी घेतली असेल, आणि कुणी बघणार नाही हे ठाऊक असताना घेतली, या विचाराने मला बसायला खुर्ची लागली.

आणि ऐक, या माश्या शिकतात. एक वास सोडायचा, बारीकसा झटका द्यायचा. पुन्हा तो वास आला की त्या पळ काढतात. पण एक घराणं असं आहे की सकाळी शिकलेलं संध्याकाळी साफ. ते घराणं मुंगीकडे आहे. ती म्हणते, का विसरतात ते कळलं तर माणसांचंही कळेल. मी म्हटलं, त्यासाठी माश्या कशाला पाळायच्या, तुझ्या बापाला बाटलीत बसव.

इथवर सगळं छान. मग ती हात धुवायला गेली. टेबलावर पांढऱ्या चौकोनावर माश्या आडव्या पडलेल्या, शेजारी बारीक कुंचला. मेलेल्या माश्या मांडून काम करणं आपल्या घरात बसत नाही. मी पदराने एक हात फिरवला, सगळ्या कचऱ्याच्या डब्यात, आणि वर ओलं फडकं मारलं. त्या मेल्या नव्हत्या. त्यांना वायू देऊन निजवलं होतं. डब्यात जाग्या झाल्या आणि छताला जाऊन बसल्या. मुंगी दारात उभी. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, आजी, विसराळूंची ही पिढी जमवायला दोन महिने गेले. हे काम पुरं झालं की इथल्या मोठ्या बाई मला पुढचं वर्ष ठेवणार होत्या. बाबांना सांगितलं नव्हतं.

मी थेट मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, गुन्हा माझा, शिक्षा तिला नको. बाई हसल्या. म्हणाल्या, आजी, उमेदवारीच्या काळात मी अशाच माश्यांवर शिंकले होते. मग मी स्पष्टच विचारलं, की इतकं शिकून पोटाला काय? त्यांनी लपवलं नाही. सुरुवातीचा पगार असाच, पुढची मोठी पदवी घेतली तर बरा होतो, श्रीमंत इथे कुणी झालं नाही. थकून गेलेली पुष्कळ पाहिली, म्हणाल्या, पण कंटाळून गेलेलं कुणी नाही पाहिलं. मला तुझी काचेची केबिन आठवली. तीत तू दुपारी जांभया देतोस, ते रस्त्यावरून दिसतं.

तेव्हा न्याय असा, की नासधूस आपल्या घराने केली, भरून आपल्या घराने द्यायची. मुंगी पुन्हा दोन महिने माश्या जमवेल. ते सोडून तिला मध्येच उठवून आणणं माझ्या तोंडाला शोभत नाही, दात असोत वा नसोत.

आईचे आशीर्वाद.

ता. क. – मीही इथेच राहते. तिच्या मैत्रिणीला फिरतीचं काम लागलंय, तिची खाट मला. मोकळ्या झालेल्या अर्ध्या खोलीचं भाडं आता तुझ्या माथी, हे तुला पत्राच्या सुरुवातीला सांगितलं असतं तर तू इथवर वाचलं नसतंस. केबिनमध्ये धाकट्याला बसव, त्याला झोप चांगली लागते.

पुन्हा ता. क. – त्या माश्यांच्या सख्ख्या बहिणी कपाटातल्या दुसऱ्या बाटलीत निघाल्या. बाई अशी जोडी नेहमी राखून ठेवतात. म्हणजे नुकसान फार तर एका दुपारचं. हे तुला कळवायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण तुझी लेक शास्त्रवाली, घडलेलं गाळू देत नाही. वर्षाचं मात्र पक्कं झालं. बाईंनी विचारलं आणि पोरीने हो म्हणायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तुझ्याकडे पाहायला हवं होतं, पण तू लांब होतास.

शेवटचं. दात आठवणीने पाठवलेस तर सोबत भाजलेले शेंगदाणे पाठव. विसरलास तर केळी पाठव. केळीच येणार, म्हणून चांगली पिकलेली बघून घे. आमच्याने उरली तर तुझ्या भाऊबंदांना घालू, ते बाटलीत वाट बघताहेत.